वाचकांचे प्रश्न : बारा टक्के, पण कशावर?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत "कशात गुंतवू?" यापेक्षा "हा आकडा काय म्हणतोय?" हेच जास्त विचारलंय. मोबाइलवरचं ॲप एक सांगतं, संगणकावरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर दुसरं आणि घरी केलेली शीट तिसरंच. त्यातले कोल्हापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतले भाव हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. ते बाजारभाव समजू नयेत.

प्रश्न (राजारामपुरी) : म्युच्युअल फंडातल्या दरमहा ५,००० रुपयांच्या एसआयपीला (ठरावीक हप्त्यांच्या गुंतवणुकीला) ३ वर्षं पूर्ण झाली. १,८०,००० भरले, आज २,१६,००० दिसतात. ॲपवर एके ठिकाणी २० टक्के आहे, दुसरीकडे १२.२ टक्के. मी स्वतः ३ वर्षांचा चक्रवाढ दर काढला तर ६.३ टक्के आला. खरं काय धरायचं?

२० आणि १२.२ हे दोन्ही बरोबर आहेत. चुकलाय तो तुम्ही काढलेला.

२० टक्के म्हणजे निव्वळ परतावा. १,८०,००० वर ३६,००० वाढले, बस. त्याला किती दिवस लागले याच्याशी त्या आकड्याला देणंघेणं नाही. तुम्ही ६.३ काढताना सगळे १,८०,००० रुपये पहिल्याच दिवशी गुंतवले असं धरलंत. प्रत्यक्षात पहिला हप्ता ३६ महिने कामाला लागला, शेवटचा जेमतेम एक महिना. सगळ्या हप्त्यांचं सरासरी वय निघतं साडेअठरा महिने. म्हणजे २० टक्के वाढ ही ३ वर्षांची नसून साधारण दीड वर्षाची आहे. कॅल्क्युलेटरवर १.२ चा घातांक १२ भागिले १८.५ घेतला की साडेबारा टक्के येतात. हा झाला कच्चा अंदाज.

ॲपचे १२.२ म्हणजे एक्सआयआरआर. प्रत्येक हप्ता आपापल्या तारखेपासून आजपर्यंत एकाच वार्षिक दराने वाढवला आणि बेरीज बरोबर २,१६,००० आली, तर तो दर कोणता, एवढंच ते शोधतं. त्याला थेट सूत्र नाही. सॉफ्टवेअर एक दर धरून बघतं, चुकलं की सरकवतं, जुळेपर्यंत. एक्सेलमध्ये काही सांगितलं नाही तर सुरुवात १० टक्क्यांपासून होते.

स्वतः पडताळायचं असेल तर कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडून एकत्रित खातेउतारा मागवा. शीटच्या पहिल्या स्तंभात तारीख, दुसऱ्यात रक्कम. खिशातून गेलेला प्रत्येक हप्ता उणे चिन्हाने लिहा आणि शेवटच्या ओळीत आजची तारीख व आजचं मूल्य अधिक चिन्हाने. मग एक्सआयआरआर फंक्शनला आधी रकमांचा स्तंभ द्यायचा, नंतर तारखांचा. उताऱ्यात ५,००० ऐवजी ४,९९९.७५ दिसेल, दचकू नका. १ जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, ते पंचवीस पैसे आहेत. शीटमध्ये ५,००० च लिहा, कारण खिशातून तेवढेच गेले.

आता बिघडतं कुठे ते. सगळ्यात जास्त त्रास तारखांचा. शीट अमेरिकी पद्धतीवर असेल तर ०५-११-२०२३ हे ५ नोव्हेंबर न होता ११ मे होतं, आणि चूक कुठेच दिसत नाही, फक्त उत्तर बदलतं. १५-११-२०२३ मात्र तिला वाचताच येत नाही, कारण पंधरावा महिना नसतो. ती तारीख साधा मजकूर म्हणून पडून राहते आणि कोठ्यात डावीकडे चिकटते. खरी तारीख उजवीकडे असते. काही डावीकडे, काही उजवीकडे असा स्तंभ दिसला की ओळखायचं. गुगल शीट्समध्ये फाइल मेनू, सेटिंग्ज, लोकेल असं जाऊन इंडिया निवडा आणि तारखा पुन्हा टाका.

दुसरी चूक चिन्हाची. सगळ्या रकमा अधिक किंवा सगळ्या उणे असतील तर फंक्शन 'नम' (#NUM!) असा शेरा देऊन मोकळं होतं. आजच्या मूल्याची ओळ विसरलात तरी तेच. तिसरी जरा आडवळणाची आहे : पहिल्याच ओळीत शून्य रक्कम असली तर एक्सेल शेरा न देता शून्याच्या अगदी जवळचा, दशांशानंतर आठ शून्यं असलेला आकडा देतं. परतावा ०.०० टक्के दिसला की आधी पहिली ओळ बघा, फंड मॅनेजरला नंतर बोल लावा.

प्रश्न (शिरोळ तालुका) : उसाचं बिल आलं की आम्ही एकरकमी गुंतवतो. फंडाच्या माहितीपत्रकात २ वर्षांचा परतावा ११ टक्क्यांच्या वर आहे. त्याच फंडात, त्याच २ वर्षांत आम्ही तोट्यात. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. पत्रासोबतच्या नोंदी गोल आकड्यांत मांडल्या की गंमत दिसते.

१५ जानेवारी २०२३ ला ५०,००० गुंतवले, तेव्हा एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, २० रुपये, युनिट मिळाले २,५००. वर्षभरात एनएव्ही २६ वर गेली, म्हणजे ३० टक्के वाढ. ते बघून १५ जानेवारी २०२४ ला बिलाचे ३,००,००० घातले, युनिट आले सुमारे ११,५३८. पुढच्या वर्षी एनएव्ही ५ टक्के घसरून २४.७० झाली. १५ जानेवारी २०२५ ला तुमच्याकडे ३,४६,७५० होते. घातले साडेतीन लाख, म्हणजे ३,२५० चा तोटा. तुमचा एक्सआयआरआर निघतो उणे ०.८ टक्के.

फंडाचा हिशेब : २० रुपयांचे २४.७० झाले. १.३० गुणिले ०.९५ म्हणजे १.२३५, त्याचं वर्गमूळ १.१११. वार्षिक ११.१ टक्के.

फंडाच्या आकड्याला कालभारित परतावा म्हणतात. त्यात ३० टक्के वाढीचं वर्ष आणि ५ टक्के घटीचं वर्ष यांना सारखं वजन असतं, त्या वर्षात तुमचे पैसे किती होते ते पाहिलं जात नाही. फंड मॅनेजरला तुमचं बिल कधी येणार हे माहीत नसतं, तेव्हा त्याला जोखायचं तर हाच आकडा योग्य. एक्सआयआरआर पैशांनुसार वजन देतो. चांगल्या वर्षात तुमचे ५० हजार होते आणि वाईट वर्षात त्याच्या सातपट रक्कम, म्हणून तो उणे गेला. तो तुमच्या वेळेचा हिशेब आहे, फंडाच्या कुवतीचा नाही.

या दोन आकड्यांत मोठी दरी असेल तर फंड बदलून काही हाताला लागत नाही. बिल एकदम न घालता ते लिक्विड फंडात (थोड्या काळासाठी पैसे ठेवायच्या कमी जोखमीच्या फंडात) ठेवून तिथून महिन्याला ठरावीक रक्कम वळती करण्याचा पर्याय तपासा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी हवे असतील तर 'पोर्टफोलिओ परफॉर्मन्स' हे संगणकावरचं मोफत सॉफ्टवेअर ते दाखवतं. आपल्याकडच्या बऱ्याच ॲपवर फक्त एक्सआयआरआर असतो, आणि लोक तोच फंडाच्या परताव्याशी ताडून बघतात.

प्रश्न (उद्यमनगर) : २० दिवसांपूर्वी घेतलेला शेअर ४ टक्के वर आहे, ॲप १०४ टक्के दाखवतं. बिघाड आहे का?

बिघाड नाही, अवसान आहे. २० दिवसांत ४ टक्के हीच चाल वर्षभर, वर्षातून सव्वाअठरा वेळा चक्रवाढीने चालली तर काय होईल, ते ॲपने काढलं. उद्या शेअर खरेदीच्या भावापेक्षा २ टक्के खाली आला की हाच आकडा उणे तीसच्या आसपास दिसेल. एक वर्ष होईपर्यंत निव्वळ परताव्याचा स्तंभ बघा आणि एक्सआयआरआरचा लपवता येत असेल तर लपवा.

प्रश्न (इचलकरंजी) : माझ्याकडच्या १०० शेअरवर एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक फुकट शेअर, मिळाला. सॉफ्टवेअरमध्ये तोटा दिसतोय. बोनस खरेदी म्हणून टाकला तरी तोटाच. लाभांशही परताव्यात धरलेला दिसत नाही.

शेअर ६०० ला घेतला, एकूण ६०,०००. बोनसआधी भाव ९००, नंतर ४५०. बोनस नोंदवलाच नाही तर सॉफ्टवेअर १०० गुणिले ४५० करून ४५,००० दाखवतं, म्हणजे २५ टक्के तोटा. तुम्ही तो ४५० भावाने खरेदी म्हणून टाकलात, त्यामुळे तुमचा खर्च १,०५,००० झाला आणि मूल्य ९०,०००. पुन्हा १४ टक्के तोटा. खरं चित्र असं : खर्च ६०,०००, मूल्य ९०,०००, ५० टक्के फायदा. बोनसची नोंद शून्य किमतीची करायची, तारीख वाटपाची. करासाठीही बोनस शेअरची किंमत शून्य धरतात आणि मुदत वाटपाच्या दिवसापासून मोजतात. विकताना डिमॅटमध्ये आधी आलेला शेअर आधी गेला असं मानतात. दर्शनी किमतीची विभागणी झाली असेल तर मात्र नवी ओळ घालायची नाही, जुन्याच खरेदीची संख्या बदलायची आणि तारीख तशीच ठेवायची.

एक्सआयआरआरच्या शीटमध्ये बोनसला ओळच लागत नाही. खिशातून काही गेलं नाही, खिशात काही आलं नाही. शेवटच्या मूल्यात २०० शेअर धरले की झालं.

लाभांशाचं दुखणं बहुतेक जोडणीचं आहे. बँकेत आलेला लाभांश नुसता 'इतर उत्पन्न' म्हणून टाकला तर तो कोणत्या शेअरचा हे सॉफ्टवेअरला कळत नाही. तुम्ही पत्रात जीएनयूकॅश हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतो असं लिहिलंय. त्यात लाभांशाच्या व्यवहारात त्या शेअरच्या खात्याची शून्य संख्या, शून्य रकमेची एक जादा ओळ टाकावी लागते, मग 'ॲडव्हान्स्ड पोर्टफोलिओ' अहवालात तो लाभांश त्या शेअरपुढे येतो. त्या अहवालातला परताव्याचा दर वार्षिक नसतो, घातलेल्या पैशांवरचा एकूण असतो. ८ वर्षं ठेवलेल्या शेअरपुढे ९० टक्के दिसले तर ते ८ वर्षांचे मिळून.

प्रश्न (लक्ष्मीपुरी) : १० जणांची, १०,००० महिना अशी लिलावाची भिशी आहे. तिसऱ्या महिन्यात १२,००० सोडून ८८,००० उचलले. सगळे हप्ते शीटमध्ये घातल्यावर एक्सआयआरआर ९७ टक्के आला. एवढा फायदा कसा?

फायदा नव्हे, तुम्ही दिलेलं व्याज आहे ते!

पहिले दोन महिने प्रत्येकी १०,००० दिले. तिसऱ्या महिन्यात ८८,००० घेऊन त्यातूनच हप्ता भरला, हातात ७८,०००. पुढे सात महिने १०,००० प्रमाणे ७०,०००. स्वतःचे आधीचे वीस हजार वजा केले तर तुम्ही खरं म्हणजे ५८,००० उसने घेतले आणि सात हप्त्यांत ७०,००० फेडले. त्या वीस हजारांवर बुडालेलं व्याजही धरलं तर महिन्याला शेकडा पावणेसहाच्या थोडं वर पडलं, तेच चक्रवाढीने वर्षाला ९७. इतरांनी सोडलेल्या बोलीतला तुमचा वाटा यात धरलेला नाही. तो मिळाला असेल तर दर उतरेल, त्याच्या रकमा त्या त्या महिन्यात अधिक चिन्हाने घाला.

एक्सआयआरआरला सावकार आणि कर्जदार यांतला फरक कळत नाही. आधी दिले आणि नंतर जास्त मिळाले तर जो अधिक आकडा येतो, तोच आधी घेतले आणि नंतर जास्त फेडले तरी येतो. एक कर्ज, एक ठेव, चिन्ह एकच. चिठ्ठीच्या साध्या भिशीतही हेच : पहिला उचलणारा आणि शेवटचा उचलणारा, दोघांचा एक्सआयआरआर शून्य. पण पहिल्याने बिनव्याजी कर्ज घेतलेलं असतं आणि शेवटच्याने ते दिलेलं असतं.

शिवाय तुमच्या रकमांचं चिन्ह दोनदा बदलतं : उणे, मग अधिक, मग परत उणे. असं झालं की गणिताला एकाहून जास्त उत्तरं निघू शकतात. तुमच्याच आकड्यांना दुसरंही उत्तर आहे, महिन्याला शंभर टक्क्यांहून जास्त. फंक्शनमध्ये सुरुवातीचा अंदाज बदललात तर ते समोर यायचं. म्हणून भिशी गुंतवणुकीत टाकू नका. उचलेपर्यंत 'येणे' खात्यात ठेवा, उचलली की उरलेले हप्ते 'देणे' खात्यात.

प्रश्न (गडहिंग्लज) : २० वर्षं दरसाल २५,००० भरलेल्या विमा पॉलिसीचे ९ लाख मिळाले. एजंट ८० टक्के परतावा सांगतो. बँकेच्या ठेवीवर ७ टक्के व्याज असून जाहिरातीत ८.२९ टक्के लिहिलंय. कशाची कशाशी तुलना करू?

पॉलिसीचा एक्सआयआरआर ५.३ टक्के. ८० टक्के हे २० वर्षांचे मिळून आहेत. हप्त्यात विम्याचं संरक्षणही होतं, त्यामुळे तेवढ्याच रकमेच्या निव्वळ मुदत विम्याचा हप्ता वजा करून बघितलं तर गुंतवणुकीचा दर थोडा वर जाईल. हे न करता पॉलिसीला नावं ठेवणं अन्यायाचं होईल. दुसरी एखादी पॉलिसी चालू असेल तर सॉफ्टवेअरमध्ये तिचं आजचं मूल्य म्हणून विमा रक्कम अधिक बोनस टाकू नका, आज बंद केली तर हातात येणारी समर्पण रक्कम टाका.

ठेवीचे ८.२९ हे सरळ भागाकाराचे आहेत. तिमाही चक्रवाढीने १०,००० चे ५ वर्षांत १४,१४८ होतात. ४,१४८ ला ५ ने भागलं की वर्षाला ८२९. चक्रवाढ दर मात्र ७.१९ टक्के. तुलना ५.३ आणि ७.१९ ची करा, ठेवीच्या व्याजावर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागेल हे धरून.

प्रश्न (ताराबाई पार्क) : फंडाच्या रेग्युलर (एजंटमार्फतच्या) प्लॅनमधून डायरेक्टमध्ये (थेट फंडाकडून घ्यायच्या) गेलो. २ लाख गुंतवले होते, ॲप आता गुंतवणूक ३,२०,००० आणि परतावा शून्य दाखवतं.

ॲपने जुनी योजना विकली आणि नवी घेतली असं धरलंय. कराच्या दृष्टीने तेच झालंय, म्हणून नोंद पुसू नका. परतावा योजनेपुरता न बघता संपूर्ण पोर्टफोलिओचा बघा, आणि 'बंद योजनाही धरा' असा पर्याय असेल तर तो चालू करा. शीटमध्ये या अदलाबदलीची ओळ घालायची नाही. मूळ २ लाखांच्या तारखा आणि आजचं मूल्य, एवढंच.

प्रश्न (शुक्रवार पेठ) : गुजरीतून घेतलेले दागिने सॉफ्टवेअरमध्ये टाकलेत. भावाप्रमाणे ते २ वर्षांत २० टक्के वाढलेत. धरायचे का?

मोडायला गेल्यावर जे मिळेल ते धरायचं. २२ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला ६०,००० असताना घेतलं, १२ टक्के घडणावळ ७,२००, त्या सगळ्यावर ३ टक्के जीएसटी २,०१६. खिशातून गेले ६९,२१६. आज भाव ७२,००० आहे आणि सराफाने २ टक्के घट धरली, तर हातात येतात ७०,५६०. भाव वर्षाला साडेनऊ टक्क्यांनी वाढला, तुमचा पैसा वर्षाला एक टक्काही नाही. सॉफ्टवेअरमध्ये खरेदी किंमत बिलाच्या तळाची टाका, नुसत्या सोन्याची नव्हे.

ॲप आपोआप घेतं तो भाव बहुधा २४ कॅरेटचा असतो. २२ कॅरेटच्या दागिन्यात सोनं ९१.६ टक्के, त्यामुळे वजन तसंच टाकलं तर मूल्य ९ टक्क्यांनी फुगतं. वजनाला ०.९१६ ने गुणून टाका. कोल्हापुरी साजासारख्या दागिन्यात लाख आणि खडे असतात, त्यांचं वजन बिलावर वेगळं लिहिलेलं असतं. ते आधी वजा करा.